पक्ष्याचं गाणं रेकॉर्ड करा, पण ते त्यालाच ऐकवू नका!

अलिबागजवळचं किहीम म्हटलं की आपल्याला वीकेंडची सहल आठवते. पण याच गावात राहून १९३० मध्ये सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. आज तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, म्हणजेच एक रेकॉर्डर असतो. तो कसा वापरायचा आणि कुठे थांबायचं, ते समजून घेऊ.

गाणं आणि हाक यात फरक काय?

गाणं प्रामुख्याने विणीच्या काळातलं. नर त्यातून जोडीदाराला बोलावतो आणि ‘ही जागा माझी’ असं इतर नरांना बजावतो. धोका दिसला किंवा थव्याला सोबत ठेवायचं असलं की पक्षी हाक देतो. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर येणारे अनेक तुतवार आणि चिखल्ये उत्तरेकडे वीण करतात, म्हणून इथे त्यांच्या हाकाच जास्त ऐकू येतात. गाणं हवं असेल तर उन्हाळ्यात पहाटे नारळाच्या वाडीत जा. तिथे दयाळ गाताना भेटेल.

रेकॉर्डिंग कसं करायचं?

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात विखुरलेले असतात. पाणी चढू लागलं की ते किनाऱ्याकडे सरकतात. त्यामुळे पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोहोचलेलं बरं. वाऱ्याकडे पाठ करा आणि फोन अंगाच्या आडोशाला धरा, नाहीतर फक्त घोंगावणारा वारा रेकॉर्ड होतो. दोन मिनिटं अजिबात बोलू नका. शेवटी तारीख, वेळ आणि ठिकाण तेवढं बोलून ठेवा.

ॲपचं उत्तर बरोबर असतं का?

मर्लिनसारखं ॲप आवाजाचं चित्रात रूपांतर करतं आणि त्याला माहीत असलेल्या नमुन्यांशी ते ताडून बघतं. लाटांच्या आवाजात त्याची चूक होऊ शकते. म्हणून ते उत्तर अंदाज समजा आणि पक्षी डोळ्यांनी बघून खात्री करा.

मग ऐकवलं तर बिघडतं काय?

चांगला फोटो मिळावा म्हणून काही जण मोबाइलवर पक्ष्याचं गाणं वाजवतात. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो चारा शोधणं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूच्या मागे लागतो. घरट्यावरचं लक्ष उडालं तर कावळ्यांचं फावतं. आपल्याला एक फोटो मिळतो, त्याची मात्र अख्खी वीण वाया जाऊ शकते.

रेकॉर्डिंगचं पुढे काय?

ते फोनमध्ये पडून राहू देऊ नका. झेनो-कँटो या संकेतस्थळावर २००५ पासून जगभरातले लोक पक्ष्यांचे आवाज जमा करत आहेत. ईबर्डवरही नोंदीसोबत आवाज जोडता येतो. उद्या तिथली खाजण बुजवली गेली, तर तिथे कोणते पक्षी होते याचा पुरावा तुमची दोन मिनिटांची फाइल असू शकते.

आणि हो, रील जरूर टाका. फक्त त्यात घरट्याचं लोकेशन देऊ नका.