मराठी ख्रिस्ती ग्रंथांतील ‘प्रीति’ : शब्द आणि अर्थ

मराठींतील जुन्या ख्रिस्ती ग्रंथांकडे आपले संशोधक व संग्राहक बहुधा भाषेच्या किंवा मुद्रणाच्या कुतूहलानें पाहतात. ग्रंथ कोणत्या सालीं छापला, अक्षर कोणतें, प्रती किती उरल्या, एवढें टिपून घेतलें म्हणजे काम संपलें असें समजण्याचा प्रघात आहे. त्या ग्रंथांत सांगितलें आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखांत त्यांतील एकाच शब्दाचा विचार करावयाचा आहे. ख्रिस्ती धर्मांत ज्या गोष्टीस सर्वांत वरचें स्थान दिलेलें आहे तिला मराठींत नांव काय द्यावें, या अडचणींतून गेलीं चारशें वर्षें ग्रंथकारांस वाट काढावी लागली. आणि ती वाट ध्यानांत घेतल्यावांचून त्या ग्रंथांचा अर्थ नीट लागत नाहीं, असें माझें मत आहे.

प्रथम मूळ विषय. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असें एका शास्त्र्यानें येशूस विचारलें असतां त्यानें एकीच्या ऐवजीं दोन सांगितल्या : देवावर सर्वस्वानें प्रीति करणें, आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीति करणें. यांपैकीं एकही नवी नव्हती. पहिली यहुदी लोकांच्या ‘अनुवाद’ नामक ग्रंथांतली, दुसरी ‘लेवीय’ ग्रंथांतली. नवें होतें तें त्या दोहोंना एकत्र बांधणें. शेजारी कोण, या पुढच्या प्रश्नास लूकाच्या शुभवर्तमानांत जी कथा उत्तर म्हणून येते, तींत वाटेवर जखमी होऊन पडलेल्या यहुद्यास उचलतो तो ज्याचा विटाळ मानीत असा शोमरोनी मनुष्य. याजक आणि लेवी बाजूनें निघून जातात. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत तर भाषांचें सामर्थ्य, ज्ञान, पर्वत हालविणारा विश्वास, सर्वस्वाचें दान, हीं सर्व प्रीतीवांचून फोल ठरविलीं आहेत. योहानाच्या पहिल्या पत्रांत याहून पुढें जाऊन देवाचें स्वरूपच प्रीति म्हटलें आहे, आणि डोळ्यांपुढील भावाचा द्वेष करून न दिसणाऱ्या देवावर प्रीति असल्याचें सांगणारास लबाड ठरविलें आहे. तात्पर्य, या धर्मांत विश्वासाची परीक्षा प्रीतीनें होते.

आतां अडचण पाहा. आपल्या भाषेंत प्रेम ‘वाटतें’, ‘जडतें’, ‘बसतें’, ‘उपजतें’. माणसाच्या ठायीं तें येऊन पडतें. जें आपोआप घडतें त्याची आज्ञा कशी करावी? पावसानें पडावें अशी आज्ञा करण्यासारखेंच तें झालें. शत्रूवर प्रेम वाटूं द्या, असें म्हटलें तर ऐकणारा हंसेल. परंतु मूळ ग्रीक ग्रंथांत जो शब्द आहे, ‘अगापे’, त्याचा भर भावनेपेक्षां वर्तनावर व दुसऱ्याचें हित चिंतण्यावर आहे. स्त्रीपुरुषांच्या आसक्तीस ग्रीकांचा जो प्रसिद्ध शब्द ‘एरोस’, तो नव्या करारांत एकदांही येत नाहीं. लॅटिन भाषांतरकारांनीं ‘कारितास’ शब्द घेतला. पुढें त्याचा अर्थ झिजत झिजत भिक्षा घालण्यापर्यंत उतरला. इंग्रजांतही याच शब्दावरून वाद झाले आहेत. टिंडेलनें १५२६ सालीं सामान्य प्रेमवाचक शब्द वापरला म्हणून सर टॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला. १६११ च्या राजमान्य भाषांतरानें पौलाच्या त्या अध्यायांत पुन्हां दानधर्मवाचक शब्द घातला, आणि १८८१ च्या सुधारलेल्या आवृत्तींत टिंडेलचा शब्द परत आला. एका शब्दापायीं साडेतीनशें वर्षें गेलीं. मग मराठींत हें काम सोपें कसें व्हावें?

१६११ नंतर पांचच वर्षांनीं, १६१६ त, साष्टींतील रायतूर येथें फादर टॉमस स्टीफन्स याचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. हा विल्टशरचा इंग्रज, जेझुइट संघाचा. १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ त तेथेंच वारला. ग्रंथ सुमारें अकरा हजार ओंव्यांचा असून पहिलें पुराण व दुसरें पुराण असे त्याचे दोन भाग आहेत. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला. तथापि या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधारें. सलडाणा यांनीं १९०७ त मंगळुरास रोमन लिपींत आवृत्ति काढली ती अशाच पोथ्यांवरून. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी जस्टिन अॅबट यांनीं १९२० नंतर उजेडांत आणली. आमच्या संतचरित्रांचीं इंग्रजी भाषांतरें करणारे अॅबट ते हेच.

स्टीफन्सनें बाप्तिस्मा, क्रूस, पवित्र आत्मा यांस पुष्कळ ठिकाणीं पोर्तुगीज शब्दच ठेवले आहेत; मार्सडेन पोथींत अशा जागीं संस्कृत शब्दांकडे कल अधिक दिसतो, आणि मूळ पाठ कोणता यावर विद्वानांत एकमत नाहीं. प्रीतीसाठीं मात्र परका शब्द आणण्याची गरज नव्हती. देशी शब्द भरपूर होते; अडचण त्यांच्या भरपूरपणाचीच होती. त्याच्या भोंवतालच्या बोलींत या गोष्टीस ‘मोग’ म्हणत, व गोमंतकांतील ख्रिस्ती लोक आजही देवाच्या प्रीतीस मोगच म्हणतात. हा शब्द ‘मोह’ शब्दाशीं जोडण्यांत येतो. म्हणजे घाटावर जो षड्रिपूंपैकीं एक, तोच घाटाखालीं सर्व सद्गुणांचा राजा! शब्दाचें माहेर सोडून सासरचा अर्थ पाहावा लागतो तो असा. शिवाय स्टीफन्सनें शास्त्र न लिहितां पुराण लिहिलें, यालाही महत्त्व आहे. ज्या प्रीतीची व्याख्या करणें कठीण, ती कथेंत करून दाखवितां येते. दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताचें चरित्र आहे. तें ऐकणारास प्रीति म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं.

येथें एक गोष्ट दडवूं नये. हा ग्रंथ ज्या साष्टींत रचला गेला तेथें देवळें पाडलीं गेलीं होतीं. १५८३ त कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर गांवच्या लोकांचें काय झालें हेंही प्रसिद्ध आहे. गोव्यांतलें धर्मन्यायासन १५६० त स्थापन झालें होतें. १६८४ त तर लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम निघाला. प्रीतीचा उपदेश आणि सत्तेचा दंड एकाच गांवीं नांदत होते. यावरून ग्रंथ खोटा ठरवावा असें मी म्हणत नाहीं. उलट, त्यांतील आज्ञेच्या मापानेंच ती सत्ता मोजली पाहिजे. राज्यकर्त्यांनीं भाषा मोडूं पाहिली आणि कानडा जिल्ह्यांत गेलेल्या कुटुंबांनीं पोथ्या जतन केल्या, एवढें तरी नोंदवून ठेवावें.

पुढचा टप्पा श्रीरामपुरचा. विल्यम केरीनें वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ त काढलें. नवा करार १८११ त मोडी अक्षरांत छापला. मुंबईंत १८१३ पासून अमेरिकन मिशनचें काम सुरू झालें व त्यांचा नवा करार १८२६ त पुरा झाला. या भाषांतरपरंपरेंत ‘प्रीति’ हा शब्द रुळला. तो मला योग्य वाटतो, कारण ‘अमक्यावर प्रीति करणें’ असा प्रयोग मराठींत सहज होतो. त्यांत कर्ता जागा असतो. ‘करा’ असें म्हणतां येतें, म्हणून आज्ञाही होऊं शकते. पुढें कवींनीं व नाटककारांनीं हा शब्द तरुणतरुणींच्या स्वाधीन केला, आणि अलीकडच्या भाषांतरांतून ‘प्रेम’ही येऊं लागलें. काळाचा दोष, भाषांतरकारांचा नव्हे.

शब्दावरून वर्तनाकडे वळतांना मला दूर जाण्याचें कारण नाहीं. आमचें केम हें पुणें-सोलापूर लोहमार्गावरचें करमाळें तालुक्यांतील गांव, कुंकवाबद्दल प्रसिद्ध. येथून एकीकडे कुर्डुवाडीवरून पंढरपूर, आणि दुसरीकडे दौंडापलीकडे केडगांव. पंढरपुराशीं ना. वा. टिळकांचा दुहेरी संबंध आहे. १८९३ त आगगाडींतील एका सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून ते त्यांत गुंतले आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई कांहीं काळ पंढरपूरासच आप्तांकडे राहिल्या; स्मृतिचित्रांतील तें प्रकरण वाचलें म्हणजे धर्म तुटला तरी माणूस न सोडण्याची प्रीति कशी असते तें कळतें. दुसरा संबंध संतवाणीचा. तुकोबांच्या मार्गानेंच आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक सांगत. त्यांच्या अभंगांत वारकऱ्यांची भाषा तशीच ठेवलेली आहे. १९१७ त त्यांनीं साताऱ्यास काढलेला ‘देवाचा दरबार’ बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही खुला होता.

केडगांवची हकीकत याहून अधिक बोलकी आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ त इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. आपलें मन कशानें वळलें हें त्यांनींच आपल्या साक्षींत सांगितलें आहे. तेथील भगिनीसंघाच्या लंडनजवळच्या फुलम येथील घरांत पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा चालतांना त्यांनीं पाहिली. अशा स्त्रियांवर दया करावी, असें त्यांनीं स्वदेशीं कोठें ऐकलें नव्हतें. असें कां करतां, म्हणून विचारतां एका भगिनीनें शोमरोनी स्त्रीशीं ख्रिस्ताचें झालेलें भाषण त्यांस सांगितलें. एवढी मोठी संस्कृत पंडिता. परंतु वादानें जिंकली गेली नाहीं, काम पाहून थबकली. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत हिंडून त्यांनीं मुली गोळा केल्या, आणि १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणल्या. ज्यांच्या कपाळीं कुंकू लावण्यास समाजाची मनाई, त्यांतल्या कित्येक आमच्याच लोहमार्गावर, केडगांवच्या मुक्तिसदनांत, लिहूं-वाचूं आणि छापूं लागल्या. रमाबाई स्वतः हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अडाणी बायकांस समजेल अशा साध्या मराठींत सबंध पवित्र शास्त्र त्यांनीं भाषांतरिलें. त्या १९२२ च्या एप्रिलांत वारल्या. सबंध ग्रंथ १९२४ त केडगांवींच छापून निघाला. शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा आणि ती वाचूं शकणारी शेजारीण, दोन्ही एकाच छापखान्यांत घडलीं.

संग्राहकांस एक विनंति आहे. रोमन लिपींतील ओंवीबद्ध पोथी किंवा १८११ चा मोडी नवा करार हातीं आल्यास केवळ मुखपृष्ठाची नकल करून थांबूं नये. पौलाचा करिंथकरांस लिहिलेला तेरावा अध्याय, योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय आणि पुराणांतील वधस्तंभाचा प्रसंग, या तीन स्थळीं प्रीति, प्रेम, मोग, माया, दया यांपैकीं कोणता शब्द आहे तें पृष्ठांकासह उतरून घ्यावें. समासांत कोणी शब्द खोडून दुसरा लिहिला असल्यास तोही जसाच्या तसा घ्यावा. सोलापूर व नगर जिल्ह्यांतील जुन्या ख्रिस्ती घरांतून गीतांचीं हस्तलिखित बाडें असण्याचा संभव आहे. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावींत.