मुळशीच्या काठी गळ आणि सबर

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यातली अनेक कुटुंबे पौडमार्गे मुळशीला जातात. झाडाखाली चटई पसरायची, डबे उघडायचे आणि मुलांना गळ टाकायला शिकवायचे, हा बेत ठरलेला. पण भर दुपारी मासा क्वचितच लागतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ऊन चढले की मासे काठ सोडून खालच्या गार पाण्यात उतरतात. फजरनंतरचा तास-दीड तास आणि असर ते मगरिब, या वेळी ते खाण्यासाठी उथळ पाण्याकडे येतात. रोहूला कणकेची गोळी चालते, मरळीला गांडूळ.

मुळा नदीवरचे हे धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधले. इथले पाणी सह्याद्री उतरून रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथे वीज देते. जमिनी बुडणार म्हणून १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पुढे त्याचे नेतृत्व सेनापती बापटांनी केले. तरी धरण झालेच.

धरणांचा फटका माशांनाही बसला. दख्खनचा महासीर हा मूळचा याच नद्यांचा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरूनच त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नदीवर भिंत आली की त्याची अंडी घालण्याची वाट तुटते. टाटांच्या लोणावळ्यातल्या वळवण येथील केंद्रात कित्येक वर्षे महासीरची पिल्ले वाढवून पाण्यात सोडली जातात, ती यासाठीच.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढे वाहू लागतात आणि अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हे ‘चढणीचे मासे’ गुडघाभर पाण्यात हातानेही सापडतात. लोक पोती भरभरून नेतात. पण एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती एक पकडली की पुढच्या उन्हाळ्याचे मासे आजच संपले.

सूरह आराफ़मधली किनाऱ्यावरच्या वस्तीची हकीकत आपण मुलांना सांगतो. ज्या दिवशी शिकार मना होती, त्याच दिवशी मासे वर येत. परीक्षा तिथेच होती. मासा हलाल आहे, त्याला जबह करावे लागत नाही. म्हणून हाव हलाल होत नाही.

तेव्हा मुळशीला जाल तर एवढे पाळा. जलाशय टाटा पॉवरच्या ताब्यात आहे, गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी करा. पाणी ओसरलेल्या काठाचा गाळ वरून सुका दिसतो, आत पाय रुततो. मुलांना एकटे सोडू नका. महासीर किंवा लहान पिल्लू लागले तर ओल्या हाताने गळ काढून लगेच पाण्यात सोडा. घरी चार माणसे असतील तर चौघांपुरतेच न्या. आणि चढणीच्या दिवसांत गळ, जाळे घरीच राहू द्या.