मोडेम आणि लिनक्स : कोणाची हद्द कोठवर?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला घरगुती ब्रॉडबँडचा मोडेम जोडता येत नाही, किंवा जोडला तरी तो धड चालत नाही, ही समजूत अजूनही पुष्कळ घरांत टिकून आहे, आणि तिला एके काळी सबळ आधारही होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतरच्या डायल-अपच्या काळात संगणकाच्या पेटीत बसवले जाणारे अनेक स्वस्त मोडेम ‘विनमोडेम’ या जातीचे होते. आवाजाच्या लहरींचे आकड्यांत आणि आकड्यांचे लहरींत रूपांतर करण्याचे मुख्य काम त्यांतील चिप करीत नसे. ते विंडोजसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरकडून, म्हणजे यंत्र आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये दुभाष्या म्हणून वावरणाऱ्या प्रोग्रामकडून, करून घेतले जाई. उत्पादकाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही की असा मोडेम निकामी ठरे. ब्रॉडबँडचा मोडेम मात्र मुळातच वेगळ्या घडणीचा आहे, आणि जुनी समजूत त्याला लागू करण्याचे काही कारण नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर करताना किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा वेग ब्रॉडबँडची खूण मानला (२०२३ पासून हीच मर्यादा २ मेगाबिट आहे), आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाने ‘डेटावन’ या नावाने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ही सेवा सुरू केली. या सेवेमागील तंत्र एडीएसएल या नावाने ओळखले जाते. संभाषणाला तारेवरील सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचाच पट्टा लागतो. त्याच्या वर २६ ते १३८ किलोहर्ट्झमधून घराकडून एक्स्चेंजकडे आणि १३८ ते ११०४ किलोहर्ट्झमधून एक्स्चेंजकडून घराकडे माहिती पाठवली जाते. हे दोन प्रवाह आणि संभाषण यांची सरमिसळ होऊ नये म्हणून टेलिफोनच्या तोंडाशी स्प्लिटर नावाची छोटी डबी बसवतात. ती न बसवता समांतर जोडलेला दुसरा फोन हा लाइन वारंवार तुटण्याचे एक नेहमीचे कारण असतो.

तार जितकी लांब तितका वरच्या कंपनसंख्यांचा संकेत क्षीण होतो, आणि साधारण पाच किलोमीटरच्या पुढे ही सेवा भरवशाची राहत नाही. उदाहरणार्थ, नाशिकजवळचे गोदावरीकाठचे एकलहरे हे गाव औष्णिक विद्युत केंद्रामुळे परिचित आहे. तेथे केंद्राची वसाहत, मूळ गाव आणि भोवतालच्या मळ्यांतील वस्ती अशी घरे विखुरलेली असल्याने एक्स्चेंजपासूनचे तारेचे अंतर घरागणिक बदलते, आणि नाशिकरोडच्या दाट वस्तीत सहज मिळणारा वेग मळ्यातील घरी मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. तारेचे सांधे गंजलेले असतील तर आणखी एक गंमत घडते. एडीएसएलचा पट्टा आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यावर पसरलेला आहे (मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे), त्यामुळे खराब सांध्याची लांब तार एरियलप्रमाणे वागून बाहेरचा गोंगाट आत ओढू शकते. असा दोष लिनक्सचा नसतो आणि विंडोजचाही नसतो. तो लाइनमनचा विषय आहे.

हा दोष ओळखण्यासाठी संगणकाच्या मांडणीत काही शोधण्याची गरजच नाही, कारण मोडेम हा स्वतः एक स्वतंत्र छोटा संगणक असतो, आणि अनेक घरगुती मोडेमांच्या पोटात चालणारी प्रणाली ही लिनक्सच असते. मोडेमवरील ‘डीएसएल’ किंवा ‘लिंक’ हा दिवा लुकलुकत असेल तर मोडेम आणि एक्स्चेंज यांची बोलणी चालू आहेत, आणि तो स्थिर झाला की ती जमली आहेत, असे समजावे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडल्यावर दिसणाऱ्या मोडेमच्या पानावर ‘एसएनआर मार्जिन’ (गोंगाटावरची संकेताची शिल्लक) आणि ‘अटेन्युएशन’ (वाटेत झालेली संकेताची घट) असे दोन आकडे डेसिबलमध्ये दिलेले असतात; पहिला ६ च्या खाली घसरला किंवा दुसरा ६० च्या वर चढला, तर संगणकावरील कोणतीही खटपट वायाच जाणार. त्याच पानावर व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन क्रमांक असतात, जे एक्स्चेंजपर्यंतच्या मार्गाची खूण सांगतात; भारत संचार निगमाच्या सेवेसाठी ते ० व ३५ असतात, तर इतर काही सेवादात्यांसाठी वेगळे, आणि म्हणून दुसऱ्या सेवादात्याच्या जोडणीवरून आणलेला मोडेम दिवा स्थिर दाखवूनही इंटरनेट देईलच असे नाही.

संगणकाकडे वळल्यावर पहिला निर्णय केबलचा असतो, आणि बहुतेक अडचणी याच ठिकाणी उगम पावतात. सुरुवातीच्या काळातील अनेक मोडेमांना यूएसबी आणि ईथरनेट अशी दोन्ही तोंडे होती आणि सोबत विंडोजसाठीची सीडी असे. यूएसबीने जोडलेल्या मोडेमला संगणकात त्या विशिष्ट जातीचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे विनमोडेमच्या काळातील परावलंबन मागच्या दाराने परत येते; ईथरनेटच्या केबलने जोडल्यावर मात्र संगणकाला समोर मोडेम आहे हे कळण्याचीही गरज उरत नाही, त्याला केवळ एक नेटवर्क दिसते आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बहुधा आधीपासूनच असतो. सीडी बाजूला ठेवून ईथरनेट वापरणे हाच येथे निःसंदिग्ध सल्ला आहे. (मोबाइल कंपन्यांच्या यूएसबी डोंगलची गोष्ट निराळी : त्यांतील अनेक डोंगल प्रथम विंडोजचे ड्रायव्हर भरलेली सीडी असल्याचे भासवतात, आणि ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्राम त्यांना मोडेमच्या रूपात आणतो.)

दुसरा निर्णय लॉगिन कोणी करायचे याचा आहे. ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड सेवादात्याकडे पोहोचवण्यासाठी पीपीपीओई हा संकेत वापरला जातो, जो फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २५१६ या दस्तऐवजात मांडलेला आहे. डायल-अपच्या काळातील ओळख पटवण्याची पद्धत ईथरनेटवरून चालवण्याची ही युक्ती आहे. मोडेम ‘राउटर’ पद्धतीत ठेवला तर हे काम मोडेमच करतो आणि संगणकाला आयपी पत्ता आपोआप मिळतो. अशा घरात लिनक्ससाठी वेगळे काहीच करावे लागत नाही. मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीत असेल तर तो केवळ पूल होऊन राहतो आणि लॉगिनचे काम संगणकावर येते. डेबियन आणि उबंटू यांवर ‘पीपीपीओई-कॉन्फ’ हा प्रोग्राम नाव व पासवर्ड विचारून ही जोडणी लावून देतो, नंतर ‘पॉन’ ही आज्ञा ती चालू आणि ‘पॉफ’ बंद करते. नेटवर्क मॅनेजरमधूनही हेच साधता येते. मोडेम आणि संगणक या दोघांनीही लॉगिनचा प्रयत्न करणे, किंवा दोघांपैकी कोणीच न करणे, हा गोंधळ फार आढळतो.

ब्रिज पद्धतीत बिघाड झाला तर नोंदवही, म्हणजे लॉग, पाहिल्याशिवाय तर्क करू नये. जोडणीच्या आरंभी संगणक ‘कोणी सेवा देणारे आहे का’ असे विचारणारे पीएडीआय नावाचे पाकीट सर्वांना उद्देशून सोडतो आणि पलीकडील यंत्र पीएडीओ या पाकिटाने उत्तर देते. पीएडीओची वाट पाहून मुदत संपली अशी नोंद असेल तर आवाज पलीकडे पोहोचलेलाच नाही, म्हणून केबल, व्हीसीआय किंवा ब्रिजची मांडणी तपासावी. ओळख पटली नाही अशी नोंद असेल तर मार्ग ठीक आहे आणि नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. एवढा एक भेद कळला तरी तक्रार नोंदवताना ग्राहकाला नेमके काय सांगायचे ते कळते.

सर्वांत फसवा दोष मात्र जोडणी झाल्यानंतरचा आहे. पिंग, म्हणजे पलीकडील यंत्र उत्तर देते का हे पाहणारी आज्ञा, चालते, साधी पाने उघडतात, परंतु काही संकेतस्थळे, विशेषतः मोठी पाने, अर्ध्यावर अडकतात. ईथरनेटच्या एका चौकटीत १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यांतील ८ बाइट स्वतःच्या शीर्षकासाठी घेतो, म्हणून प्रत्यक्ष मर्यादा १४९२ उरते. मोठे पाकीट वाटेत मावत नसल्याची सूचना पाठवणाऱ्याकडे परत जायला हवी, पण वाटेतील एखाद्या फायरवॉलने ती गिळली तर पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि वाचणाऱ्यासमोर कोरे पान उरते. पिंगला पाकीट तोडण्यास मनाई करून १४६४ बाइटचा मजकूर पाठवावा, कारण शीर्षकांचे २८ मिळून बेरीज १४९२ होते. तो जातो आणि १४६५ चा जात नाही असे दिसले तर मर्यादा ठाऊक झाली. तेवढ्याने अडकलेली पाने सुटत नाहीत, तर संगणकाने आधीच लहान पाकिटे मागावीत यासाठी टीसीपीची कमाल मर्यादा १४५२ वर आणावी लागते. ही मर्यादा आणावी का, असे ‘पीपीपीओई-कॉन्फ’ स्वतःच विचारतो, आणि त्याला होकार द्यावा.

तांब्याची तार जाऊन फायबर आली तरी वरील मांडणी फारशी बदलत नाही. मोडेमच्या जागी ओएनटी नावाची पेटी येते, ‘डीएसएल’च्या जागी ‘पॉन’ हा दिवा आणि बिघाड दाखवणारा लाल ‘लॉस’ दिवा येतो. लॉगिन मात्र अनेक ठिकाणी पीपीपीओईनेच होते.

मोडेम स्वतंत्र संगणक आहे याचा एक परिणाम सुरक्षिततेशीही जोडलेला आहे. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमाच्या ग्राहकांच्या मोडेमांवर, प्रामुख्याने कर्नाटकात, घातक प्रोग्रामचा हल्ला झाला आणि त्यात मूळचा पासवर्ड तसाच ठेवलेले मोडेम सापडले. त्या मोडेमांना जोडलेल्या संगणकांवर कोणती प्रणाली होती याचा येथे काहीही संबंध नव्हता. ज्या वाचकांच्या मोडेमच्या पानावर अजूनही ‘अ‍ॅडमिन’ हेच नाव आणि ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड चालतो, त्यांनी पुढील लेखांकाची वाट न पाहता तो आजच बदलावा.