गोंगाटातून वेचलेला संदेश

दर मिनिटाला चार वेळा, म्हणजे शून्य, पंधरा, तीस आणि पंचेचाळीस सेकंदांच्या ठोक्याला, जगभरातले हजारो रेडिओ एकदम बोलू लागतात. बोलणे साडेबारा सेकंदांच्या आसपास चालते, मग क्षणभर शांतता आणि लगेच पुढचा ठोका. १४.०७४ मेगाहर्ट्झवर रेडिओ लावला, तर कानावर पडतो तो बारीक शिट्ट्यांचा एकत्र गुंजारव. त्यातले एक अक्षरही कानाला उलगडत नाही. शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर मात्र ओळींमागून ओळी उमटत जातात: हा जपानचा, हा इटलीचा, हा दक्षिण आफ्रिकेचा. मध्ये ना उपग्रह, ना मोबाइलचा मनोरा, ना समुद्राखालची केबल. गच्चीवर ताणलेली तार, पाच-दहा वॅटचा रेडिओ आणि एक मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे घडते.

हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींच्या टेबलावर सोल्डरिंगची सामग्री आणि मोर्सची किल्ली यांच्या शेजारी संगणक आता कायमचा येऊन बसला आहे. त्यावरच्या सॉफ्टवेअरकडे निव्वळ सोय म्हणून पाहिले, तर त्यातला खरा ठेवा हातचा जाईल. गोंगाटात बुडालेला संदेश कसा वेचायचा, याचे ज्ञान विसाव्या शतकातल्या गणिताने आणि खगोलशास्त्राने कष्टाने मिळवले. ते आज कोणालाही, एक पैसाही न मोजता, घरी वापरता येते. ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’ हे सॉफ्टवेअर त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

खगोलशास्त्रज्ञाचा छंद

या सॉफ्टवेअरचे जनक जोसेफ टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते आहेत. रसेल हल्स या आपल्या विद्यार्थ्यासह त्यांनी १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या आरेसिबो दुर्बिणीतून एक विलक्षण जोडी शोधली. सेकंदाला सुमारे सतरा वेळा फिरणारा एक पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओस्पंद पाठवणारा तारा, दुसऱ्या ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत एक फेरी मारत होता. पुढच्या काही वर्षांच्या मोजणीतून दिसले, की त्याची कक्षा हळूहळू आक्रसते आहे, आणि तीही आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वीय लहरींनी ऊर्जा वाहून न्यावी, अगदी त्याच वेगाने. या शोधासाठी दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पल्सारचा स्पंद पृथ्वीवर पोहोचतो तेव्हा तो अतिशय क्षीण झालेला असतो. उपकरणांच्या आणि आकाशाच्या गोंगाटातून त्याला बाहेर काढायचे, तर लय ओळखून असंख्य स्पंद एकमेकांवर रचावे लागतात आणि ते काम संगणकच करू शकतो. जुन्नर तालुक्यातल्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बीण आपल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेनांनी पल्सारचा वेध घेते, तेव्हा तिलाही हेच करावे लागते.

टेलर किशोरवयापासून हॅम आहेत. ‘के१जेटी’ ही त्यांची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळखखूण. २००१ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रातले हे कसब छंदाच्या कामी लावले आणि ‘डब्ल्यूएसजेटी’ची पहिली आवृत्ती दिली. तिचे पहिले लक्ष्य होते उल्का. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर उल्का जळते तेव्हा तिच्या मागे विद्युतभारित हवेची रेघ उरते आणि सेकंदाच्या काही अंशापुरती ती रेडिओलहरी परतवते. तेवढ्या अवधीत संदेश पोहोचवण्याची पद्धत टेलर यांनी बसवली. त्यानंतर आली चंद्रावरून लहरी परतवण्यासाठीची ‘जेटी६५’. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. तिथून प्रतिध्वनी यायला अडीच सेकंद लागतात आणि हाती येतो तो मूळ लहरीचा नगण्य अंश. पूर्वी अशा संपर्कासाठी प्रचंड ॲन्टेना उभाराव्या लागत. ‘जेटी६५’मुळे साध्या यागी ॲन्टेना असलेली घरगुती केंद्रेही चंद्रामार्फत बोलू लागली. २०१७ मध्ये टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी ‘एफटी८’ ही वेगवान पद्धत दिली आणि हॅम जगताची घडीच बदलली.

७७ बिटांचे अंकगणित

‘एफटी८’च्या एका फेरीत फक्त ७७ बिट जातात. शून्य किंवा एक असे ७७ कप्पे, आणि त्यात बोलणारा कोण, कोणाशी आणि कुठून, हे सगळे बसवायचे. इथे सॉफ्टवेअरची काटकसर पाहण्यासारखी आहे. नेहमीच्या साच्यातल्या सगळ्या शक्य कॉलसाइन मोजल्या, तर त्या भरतात २६ कोटी २१ लाख ७७ हजार ५६०. अठ्ठावीस बिटांत २६ कोटी ८४ लाखांहून अधिक वेगळे आकडे मावतात. म्हणून अक्षरे पाठवायचीच नाहीत, यादीतला क्रमांक पाठवायचा. कॉलसाइनला २८ बिट पुरतात. उरलेले क्रमांकही वाया जात नाहीत. ‘सीक्यू’ ही सर्वांना घातलेली हाक त्यांतूनच पाठवली जाते.

ठिकाणासाठीही हीच युक्ती आहे. हॅम मंडळी पृथ्वीचे ३२,४०० चौकोन पाडतात, प्रत्येक दोन रेखांश रुंद आणि एक अक्षांश उंच. दक्षिण मुंबई आणि पुणे दोन्ही ‘एमके६८’मध्ये येतात, कोल्हापूर ‘एमके७६’मध्ये, पणजी ‘एमके६५’मध्ये, नागपूर ‘एमएल९१’मध्ये. पंधरा बिटांत ३२,७६८ आकडे मावतात. म्हणजे सगळे चौकोन बसून थोडी जागा उरते आणि ती सिग्नल किती जोरात आला हे कळवायला वापरली जाते. दोन कॉलसाइन आणि एक चौकोन मिळून ७१ बिट झाले. उरलेल्या सहांत संदेशाचा प्रकार आणि काही छोट्या खुणा असतात.

या ७७ बिटांना आधी १४ बिटांची पडताळणी जोडली जाते आणि मग ८३ जादा बिट. किराणा बिलातला एखादा आकडा पुसला गेला, तरी खालच्या बेरजेवरून तो काढता येतो. जादा बिटांचे काम नेमके हेच. अशा अनेक बेरजा एकमेकींत गुंफलेल्या असल्यामुळे वाटेत संदेशाचा बराच भाग बिघडला, तरी तो पुन्हा जुळवता येतो. ही पद्धत रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत मांडली. तेव्हाच्या संगणकांना ती पेलवणारी नव्हती, म्हणून ती अनेक दशके बाजूला पडून राहिली. आज ५जी मोबाइलमध्ये तिचाच वापर होतो.

एकूण झाले १७४ बिट. आठ वेगवेगळ्या सुरांपैकी एक सूर वाजला, की तीन बिट जातात. म्हणजे ५८ सूर लागले. घेणाऱ्याला संदेशाची सुरुवात नेमकी सापडावी म्हणून सात-सात सुरांची एक ठरलेली रचना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घालतात. त्याचे आणखी २१ सूर. एकूण ७९ सूर, प्रत्येक ०.१६ सेकंदाचा, मिळून १२.६४ सेकंद. पंधरा सेकंदांच्या फेरीतले उरलेले दोन-सव्वादोन सेकंद संदेश उलगडायला आणि उत्तर तयार करायला.

अरुंद फटीतून ऐकणे

गोंगाटाच्या शक्तीच्या सव्वाशेव्या भागाइतका क्षीण सिग्नलही ‘एफटी८’ ओळखते, असे सांगितले की चमत्कार वाटतो. त्यामागचे कारण साधे आहे. हा गोंगाट मोजला जातो तो २५०० हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात, म्हणजे रेडिओवरच्या मानवी आवाजाला लागते साधारण तेवढ्या रुंदीत. ‘एफटी८’चा एक सूर मात्र फक्त ६.२५ हर्ट्झ जागा घेतो. सॉफ्टवेअर तेवढ्याच फटीतून ऐकते. फट ४०० पट अरुंद, म्हणून आत येणारा गोंगाटही ४०० पट कमी. सिग्नल तर सगळाच्या सगळा आत येतो. त्यामुळे फटीच्या आत तो गोंगाटाच्या तिप्पट भरतो आणि उरलेली चूक त्या जादा बिटांच्या बेरजा दुरुस्त करतात.

याची किंमत मोजावी लागते ती वेगात. फट जितकी अरुंद, तितका सूर लांब धरावा लागतो आणि तितकी माहिती हळू जाते. निसर्गाच्या या नियमातून पळवाट नाही. फटी एकमेकींना खेटून असल्यामुळे एकाच पट्ट्यात डझनावारी केंद्रे शेजारी-शेजारी बोलू शकतात आणि संगणक ती सगळी एकाच वेळी वाचतो. मात्र सगळ्यांची घड्याळे सेकंदाच्या आत जुळलेली हवीत. इंटरनेट किंवा जीपीएसवरून संगणकाची वेळ लावून घेणे हा नवशिक्याने शिकायचा पहिला धडा. दुसरा धडा रेडिओत जाणारा ध्वनी माफक ठेवण्याचा. तो वाढवला की सिग्नल पसरतो आणि शेजाऱ्यांना त्रास होतो.

नोंदवहीतून विज्ञान

टेलर यांचीच २००८ मधली ‘डब्ल्यूएसपीआर’ पद्धत ‘एफटी८’हूनही मंद आहे. जवळजवळ दोन मिनिटांत ती फक्त ५० बिट पाठवते: कॉलसाइन, चौकोन आणि शक्ती. संवाद होत नाही. पण २०० मिलिवॉटचा, म्हणजे एका वॅटच्या पाचव्या भागाचा सिग्नल किती दूर ऐकू गेला, हे जगभरची केंद्रे आपोआप एका सामायिक नोंदसंग्रहात टाकतात. काही हौशी मंडळी छोट्या फुग्याला सौरपट्टी आणि काही मिलिवॉटचा प्रक्षेपक बांधून सोडतात, आणि असे फुगे पृथ्वीप्रदक्षिणा करताना याच नोंदींवरून त्यांचा माग ठेवतात.

लघुलहरी दूर जातात त्या आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांमुळे. वरचा थर त्यांना परतवतो, तर दिवसा खालचा थर कमी कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेवरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली सरकली, तेव्हा ‘हॅमसाय’ या गटाने हॅम मंडळींच्या नोंदी गोळा केल्या. सावलीच्या काळात १४ मेगाहर्ट्झचे संपर्क रोडावले आणि ७ मेगाहर्ट्झ व त्याखालचे पट्टे रात्र पडल्यासारखे लांब पल्ला गाठू लागले. वातावरणाच्या त्या उंचीवर काय घडले, याची ही साक्ष घरोघरच्या तारांनी दिली आणि ती संशोधनपत्रिकेत छापून आली.

बाकीची हत्यारे

हॅमच्या संगणकावर इतरही उपयोगी सॉफ्टवेअर असते. ‘जीप्रेडिक्ट’ उपग्रह कधी आणि कोणत्या दिशेने उगवेल ते सांगते, आणि त्याच्या वेगामुळे कंप्रता किती सरकेल तेही. ४३५ मेगाहर्ट्झला ही सरक सुमारे १० किलोहर्ट्झपर्यंत जाते. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या ‘हॅमसॅट’वरून २०१४ पर्यंत जगभरचे हॅम बोलत होते. असा उपग्रह गाठायला हा हिशेब लागतोच. ‘व्होआकॅप’ मूळचे ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओसाठी घडले. आज संध्याकाळी कोणता पट्टा कुठपर्यंत पोहोचेल, याचा अंदाज ते देते. ‘४नेक२’ तार उभारण्याआधीच तिचे प्रारण कोणत्या दिशेने जाईल ते पडद्यावर दाखवते, आणि ‘चर्प’ हातातल्या वॉकीटॉकीत कंप्रता भरायचे किचकट काम मिनिटांत उरकते. ही चारही मोफत मिळतात.

‘डब्ल्यूएसजेटी’चा मूळ संकेत (सोर्स कोड) २००५ पासून खुला आहे. त्यामुळे कोणीही तो वाचू शकतो, सुधारू शकतो. ‘एफटी८’ ठरावीक संदेशांपलीकडे फारसे जात नाही, ही उणीव होती. त्याच पायावर ‘जेएस८कॉल’ तयार झाले आणि तेवढ्याच क्षीण सिग्नलवर टंकलेखनाने मोकळ्या गप्पा मारता येऊ लागल्या.

जुन्या-जाणत्या हॅम मंडळींचा एक आक्षेप आहे: दोन संगणक बोलतात, माणूस नुसता पाहत बसतो. त्यात तथ्य आहे. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप असो की २००४ च्या त्सुनामीनंतरचे पोर्ट ब्लेअर, हॅम मंडळी उपयोगी पडली ती माणसाचा निरोप माणसापर्यंत पोहोचवून. तिथे चौकोन आणि सिग्नलचा आकडा पुरत नाही. म्हणून मोर्स आणि आवाज ही कौशल्ये टिकलीच पाहिजेत. पण कमकुवत सिग्नलची ही विद्या त्यांना मारक नाही. शहरातल्या छोट्या सदनिकेत, विजेच्या उपकरणांच्या गोंगाटात, मोठ्या ॲन्टेनाला जागा नसलेल्या तरुणाला तिनेच या छंदात टिकवून धरले आहे.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत माहिती सिद्धांत फळ्यावर शिकवला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. ज्या विभागाकडे एक रेडिओ आणि गच्ची आहे, त्याने हे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत लावावे आणि त्याचा संकेत विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा. रेडिओ नसेल, तरी अडत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून कोणालाही ऐकता येतो. तो १४.०७४ मेगाहर्ट्झवर लावा, त्याचा आवाज ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’ला ऐकवा, पडद्यावर ओळी उमटतील. स्वतः प्रक्षेपण करायला मात्र परवाना लागतो. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा आहे आणि ती शाळकरी मुलांनाही देता येते. घरातल्या जिज्ञासू मुलामुलींना या सुट्टीत तिच्या अभ्यासाला जरूर बसवा.