देशी नाविकविद्या आणि युरोपीय ‘शोध’ : अरबी समुद्र व पॅसिफिक

‘वास्को द गामाने भारताचा जलमार्ग शोधून काढला’ हे विधान इतिहासाच्या अध्यापनात आजही सर्रास केले जाते. गामाच्याच प्रवासाच्या तारखा त्यास पुष्टी देत नाहीत. २४ एप्रिल १४९८ रोजी त्याची जहाजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीहून निघाली व २० मे रोजी कालिकतजवळ पोहोचली. मालिंदीच्या राजाने वाटाड्या दिला होता आणि वारा अनुकूल होता. परतीच्या वेळी ५ ऑक्टोबरला त्याने गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेट सोडले, तेव्हा ईशान्य मोसमी वारे स्थिरावले नव्हते. आफ्रिकेचा किनारा दिसण्यास २ जानेवारी १४९९ उजाडले. सुमारे तीस खलाशी रक्तपितीने दगावले. वारा केव्हा फिरतो हे या किनाऱ्यावरील तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद, ही समजूत आता अभ्यासकांनी त्याज्य ठरविली आहे. पोर्तुगीज इतिहासकार बारोस त्यास गुजराती मुसलमान म्हणतो. त्याच्या वृत्तान्तानुसार गामाने दाखविलेले अॅस्ट्रोलेब पाहून या वाटाड्यास मुळीच नवल वाटले नाही. त्याने आपले फळ्यांचे उपकरण व भारतीय किनाऱ्याचा नकाशा पुढे ठेवला. हे उपकरण ‘कमाल’ असावे. गाठी मारलेल्या दोरीची ही लहान फळी डोळ्यासमोर धरून, खालची कड क्षितिजाला व वरची ध्रुवताऱ्याला टेकवीत. ध्रुवाची उंची अंगुळांत मोजली की अक्षांश कळे.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस ध्रुवतारा दिसत नाही. पॉलिनेशियन नाविकांनी उपकरणांवाचूनच मार्ग काढला. कोणता तारा क्षितिजावर कोठे उगवतो व मावळतो हे मुखोद्गत असे. ढगाळ रात्री दूरवरून येणाऱ्या लाटांचा हेलकावा नावेच्या तळाशी जाणवे. संध्याकाळी परतणारे पक्षी भूमीची दिशा सांगत. डोक्यावरून जाणारा तारा अक्षांश दर्शवी. हवाई बेटांसाठी असा तारा म्हणजे ‘होकुलेआ’, अर्थात आपली स्वाती. बुलढाणा जिल्ह्यातील बीबी हे गावही सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने, जूनच्या प्रारंभी रात्री दहाच्या सुमारास तेथेही स्वाती जवळजवळ माथ्यावर येते. वर्गाबाहेर सहज दाखविता येईल असा हा पुरावा आहे. याच नावाच्या दुहेरी नावेतून १९७६ मध्ये मायक्रोनेशियाचे माऊ पिआइलुग यांनी उपकरणांशिवाय हवाई ते ताहिती हा मार्ग काढून दाखविला.

युरोपीयांचा पॅसिफिकमधील अनुभव गामाहून वेगळा नाही. मॅगेलन १५२०-२१ मध्ये वाटाड्यावाचून तीन महिन्यांहून अधिक काळ भरकटला. वाटेतील वस्तीची बेटे त्यास दिसलीच नाहीत. कुकने मात्र १७६९ मध्ये ताहितीहून तुपाइया या रायातेआच्या विद्वान नाविकास सोबत घेतले. तुपाइया १७७० मध्ये बटाव्हियात मरण पावला. त्याने सांगितलेल्या सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा उरला. उत्तर दिशा वर आहे असे गृहीत धरून तो वाचल्याने दीर्घकाळ सदोष समजला गेला. त्यात उत्तर दिशा मध्यभागी दाखविलेली आहे, असे प्रतिपादन अलीकडील संशोधनात झाले असून, त्यानुसार अनेक बेटांची जागा जुळते.