फरक खरा, पण केवढा?

अमुक औषधानें ‘लक्षणीय’ फरक पडला, असें वृत्तपत्रांत आलें म्हणजे घरोघरीं तें आणविण्याची घाई होते. परंतु संख्याशास्त्राच्या परिभाषेंत ‘लक्षणीय’ म्हणजे ‘मोठा’ नव्हे. औषधाचा कांहींच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगानें एवढा फरक क्वचितच दिसला असता, इतकेंच ही कसोटी सांगते. माणसें जितकीं अधिक तपासावीं, तितका लहान फरकहि तिला उतरतो.

अमेरिकेंतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर अ‍ॅस्पिरिनची चाचणी झाली. तिचा अंतिम अहवाल १९८९ सालीं निघाला. सुमारें पांच वर्षांत बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ११,०३४ जणांपैकीं २३९ जणांना, तर एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ११,०३७ जणांपैकीं १३९ जणांना हृदयविकाराचा झटका आला. शेंकडा ४४ घट! कसोटीहि निर्विवाद उतरली. पण हजारीं हिशेब केला, तर २२ चे १३ झाले. म्हणजे लाभ नऊ जणांचा. उरलेल्या ९९१ जणांना या बाबतींत गोळीचा उपयोग झाला नाहीं. रक्तस्राव मात्र ती घेणाऱ्यांत अधिक आढळला. २०१८ सालच्या चाचणींत तर निरोगी वृद्धांच्या हृदयविकारांत म्हणण्यासारखी घट दिसली नाहीं, आणि रक्तस्राव वाढला. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांचा हिशेब अर्थात् निराळा.

म्हणून श्रोत्यांनीं अशा प्रत्येक वार्तेस तीन प्रश्न विचारावे: फरक खरा काय? हजारीं किती? त्याचें मोल काय? पहिल्या दोहोंचें उत्तर आंकडे देतात. तिसऱ्याचें रोगी व डॉक्टर यांनीं मिळून ठरवावयाचें असतें.