नकाशा माझ्या हाती

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो. कुलदैवत, लग्नकार्य, नाहीतर सासूबाईंना घेऊन अष्टविनायक. फ्रान्समध्ये तुलूझला विमानांच्या कारखान्यात नोकरीला असलेला भाचा 2023 मध्ये म्हणाला, ‘‘मामी, सप्टेंबरात या. पॅरिस नको, इकडची जुनी गावं बघा.’’ मला हसूच आलं. इतका खर्च करून गावंच बघायची?

पण गेलो. भाच्याला ऐनवेळी सुट्टी मिळाली नाही. त्याने भाड्याची गाडी ठरवून दिली आणि एक कागदी नकाशा माझ्या हातात ठेवला. आडवाटेला फोनची रेंज जाते म्हणे. ‘‘मामा गाडी चालवतील, रस्ता तू सांग.’’

‘‘हिला काय कळतंय त्यातलं!’’ हे सहजच म्हणाले, पण मला लागलं. मैत्रिणींनो, मी बचत गटातल्या बायकांना दर महिन्याला सांगते, ‘पासबुक स्वतः वाचा, न वाचता सही करू नका.’ आणि घरी? हे बोट ठेवतील तिथे सही करून मी मोकळी!

पहिला मुक्काम कॉर्द-स्युर-सिएल. टेकडीवरचं हे गाव तुलूझच्या सरदाराने 1222 मध्ये वसवलं. नावाचा अर्थ ‘आकाशावरचं कॉर्द’. दरीत धुकं साचलं की गाव ढगांवर तरंगताना दिसतं, म्हणून 1993 मध्ये नावाला हे शेपूट जोडलं. दगडी फरशीच्या चढणीवरून फिरताना पाय बोलायला लागले, पण मन भरलं.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, त्यात घडोघडी गोल चौक. एका चौकात दुसरा फाटा सोडून मी तिसरा सांगितला. वीस किलोमीटर गेल्यावर कळलं. यांनी गाडी कडेला घेतली. ‘‘दे इकडे तो नकाशा!’’

दिला. यांनी तो जवळ धरला, लांब धरला. जवळचा चष्मा बॅगेत, बॅग डिकीत, सगळ्यात खाली! बाजूला वाळलेल्या सूर्यफुलांचं शेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन मिनिटांनी नकाशा मुकाट्याने परत माझ्याकडे आला. मी गावांची नावं एकेक करून जुळवली आणि गाडी वळवायला सांगितली.

रोकामादूरला पोचायला अडीच वाजले. तिथे जेवणाची वेळ टळली की हॉटेलचं स्वयंपाकघर बंद. शेवटी गाडीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोर कड्याला चिकटलेलं गाव. खाली घरांची गल्ली, वर देवळं, त्याहून वर किल्ला. देवळांपर्यंत 216 पायऱ्या. मध्ययुगात यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. यांचे गुडघे दुखतात, म्हणून हे लिफ्टने गेले. मी पायऱ्या चढले, जेजुरी आठवत. वर लाकडाची लहानशी काळी मेरी, मांडीवर बाळ. छताला छोटी छोटी जहाजं टांगलेली. वादळातून वाचलेल्या खलाशांचा तो नवस. बाईमाणसाला नवस कुठलाही असो, समजतो. मीही हात जोडले.

शनिवारी सार्लाचा बाजार गाठला. पिवळसर दगडाची घरं, वर जड दगडी कौलं. एके काळी हे गाव मोडकळीला आलं होतं. 1962 मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी कायदा आणला. एखादीच वास्तू न राखता जुना भाग अख्खा राखायचा. त्यात सार्ला पहिल्या काही गावांपैकी एक. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये तर आज भाजी आणि चीज विकतात. मला वाटलं होतं, जपलेलं गाव म्हणजे नुसतं बघायचं. इथे बायका टोपल्या घेऊन घासाघीस करत होत्या!

आम्ही शाकाहारी आणि हा मुलूख बदकांचा नि हंसांचा. पण अक्रोड भरपूर. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचं, नाहीतर उद्धटपणा दिसतो, हे भाच्याने पढवलं होतं. मी बोंझूर म्हटलं, बोटांनी किलोभर दाखवलं, पैसे मोजून दिले. हे पिशवी धरून मागे उभे. परतताना फाटा दिसला की आपणहून विचारत, ‘‘अगं, आता कुठे?’’

घरी आल्यावर मुदत ठेवीची तारीख आली. यांनी सवयीने कागदावर बोट ठेवलं, ‘‘इथे सही कर.’’

मी म्हटलं, ‘‘आधी वाचते.’’

हे क्षणभर थांबले. मग खिसे चाचपत म्हणाले, ‘‘मोठ्याने वाच. माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे!’’